‘आम्ही रांगेत उभे राहून आलो’

नमस्कार ताई,

मी न्यू जर्सीत, एडिसनजवळ राहते. दर रविवारी सकाळी मराठी शाळेत मोठ्या मुलांचा वर्ग घेते. नऊ मुलं आहेत, 13 ते 15 वयाची. तीच ती फळांची नावं आणि त्याच त्या म्हणी, ती कंटाळली आहेत आणि मीही. म्हणून ठरवलं की चार रविवार एकच विषय घ्यायचा : माणसं आपला देश सोडून दुसऱ्या देशात का येतात आणि आल्यावर त्यांचं काय होतं. पालकांच्या ग्रुपवर तसं लिहिलं, तर एका बाबांचं लगेच उत्तर आलं : ‘आम्ही रांगेत उभे राहून, सगळे कागद भरून आलो. आमची गोष्ट त्या लोकांच्या गोष्टीत मिसळू नका. मराठीच्या वर्गात राजकारण नको.’ त्याखाली चार अंगठे पडले. त्याच आठवड्यात वर्ग सुटल्यावर एक मुलगी मागे थांबली. ती दोन वर्षांची असताना इथे आली. म्हणाली, ‘बाई, 21 ची झाले की मला इथून जावं लागणार का?’ मी म्हटलं, अगं, तोवर होईल सगळं नीट. घरी पोचेपर्यंत माझं मलाच ते उत्तर बोचायला लागलं. विषय घेऊ की सोडून देऊ? घेतला तर सुरुवात कुठून करू?

— रविवारची बाई

प्रिय रविवारच्या बाई,

विषय घ्या. ग्रुपवर मात्र त्या बाबांना उत्तर देऊ नका. ग्रुपवर कोणाचं मत बदललेलं मी आजवर पाहिलं नाही. फार तर पुढच्या दिवाळीला कोण कोणाच्या टेबलावर बसत नाही तेवढं बदलतं.

आधी माझी एक चूक सांगते, म्हणजे तुम्ही ती करणार नाही. बे एरियात, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपास, मी चौदा वर्षं असाच रविवारचा वर्ग घेतला. दहा-अकरा वर्षं झाली होती, म्हणजे अनुभवाची थोडी घमेंड चढली होती, तेव्हा एकदा मोठ्या उत्साहाने घरचा अभ्यास दिला : आई-बाबा अमेरिकेत कधी आले, कोणत्या व्हिसावर आले, विचारून या आणि वर्गात सांगा. पुढच्या रविवारी मुलं धडाधडा बोलली. एफ-वन (विद्यार्थ्याचा व्हिसा), एच-वन (नोकरीचा), ग्रीन कार्ड (कायम राहण्याचा परवाना), सिटिझनशिप. जणू इयत्ता सांगताहेत. एक मुलगा मात्र वहीच्या कोपऱ्यात पेन्सिलीने चौकोन गिरवत बसला होता. ‘विसरलो’ म्हणाला. वर्ग सुटल्यावर त्याच्या आईने मला पार्किंगमध्ये गाठलं आणि अगदी हळू आवाजात सांगितलं की बाबांची नोकरी जाऊन चाळीस दिवस झालेत. व्हिसा नोकरीवरचा, 60 दिवसांत दुसरी मिळाली नाही, तर गाशा गुंडाळायचा. घरात मुलासमोर तो विषय कोणी काढत नव्हतं. मी तो भर वर्गात काढला होता.

तेव्हापासून मुलाला त्याची स्वतःची गोष्ट मी विचारत नाही. कागद कोणते, हे तर मुळीच नाही. ‘कोणाकोणाचे आई-बाबा सिटिझन आहेत?’ म्हणून हात वर करायला लावणं नाही, घराण्याचा वृक्ष काढून भिंतीवर लावणं नाही. तुमच्या नऊ घरांत कोणी नागरिक असतील, कोणी रांगेत, आणि एखादं घर तुम्हाला वाटतं त्याहून अगदी वेगळ्या अवस्थेत. मूल आपणहून बोललं तर ऐका आणि तिथेच सोडून द्या. वर्गात गोष्टी सांगायच्या त्या मेलेल्या माणसांच्या. शंभर वर्षांपूर्वीच्या माणसाबद्दल मूल बिनधास्त बोलतं, आणि बोलता बोलता स्वतःबद्दलच बोलून जातं.

पहिल्या रविवारी फळ्यावर ‘इमिग्रंट’ लिहा आणि मराठी शब्द विचारा. कोणीतरी ‘स्थलांतरित’ म्हणेल. मग विचारा, घरी हा शब्द कोण वापरतं? कोणीच नाही. आपल्याकडे काका ‘सेटल झाले’, आत्या ‘लग्न होऊन बाहेर गेली’, दादा ‘ऑनसाइट गेला’. कोकणातून मुंबईला गेला तो चाकरमानी, आणि गणपतीला गावी आला की त्याचा थाट काय विचारता! उत्तरेतून मुंबईला आला तो मात्र परप्रांतीय. दुष्काळात घर सुटलं तो देशोधडीला लागला. केलं सगळ्यांनी एकच, राहतं गाव सोडलं. मग शब्द एवढे वेगळे का, हे मुलांना शोधू द्या. चांगली पंचवीस मिनिटं भांडतात. भांडताना इंग्रजीत घसरतात, तर घसरू द्या, तुम्ही मराठीत ओढत राहा.

उरलेल्या वेळात पायऱ्यांचा खेळ घ्या. तो खेळ कुठून आला ते आधी सांगते. सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीत एंजल आयलंड नावाचं बेट आहे. 1910 ते 1940 या काळात पॅसिफिक ओलांडून आलेल्या लोकांना तिथे उतरवून घेत. तुमच्या मुलांनी शाळेच्या सहलीत न्यूयॉर्कच्या बंदरातलं असंच बेट, एलिस आयलंड, पाहिलं असेल. तिथून बहुतेक जण काही तासांत बाहेर पडत. एंजल आयलंडवर चिनी माणसं आठवडेच्या आठवडे, महिनेच्या महिने अडकून पडत. 1882 च्या कायद्याने चिनी मजुरांना अमेरिकेत यायला बंदी केली होती. व्यापारी, विद्यार्थी आणि नागरिकांची मुलं अशा मोजक्यांनाच वाट होती. मग 1906 साली भूकंप आणि त्यापाठोपाठची आग यांत सॅन फ्रान्सिस्कोचं सरकारी दप्तर जळालं. अनेक चिनी माणसांनी ‘मी इथेच जन्मलो’ असं सांगून नागरिकत्व घेतलं, आणि गावाकडच्या मुलांना आपली मुलं म्हणून बोलावून घेतलं. त्यात काही खरोखरची होती, काही शेजाऱ्यापाजाऱ्यांची. अधिकाऱ्यांनाही हे ठाऊक होतं. म्हणून ते मुलाला आणि बापाला वेगवेगळे बसवून विचारत : तुमच्या घराला पायऱ्या किती? तांदूळ कुठे ठेवता? शेजारच्या घराचं तोंड कुठल्या दिशेला? उत्तरं जुळली नाहीत तर परत. गंमत अशी की खोटी मुलं बोटीवर घोकंपट्टी करून येत आणि पास होत. खरी मुलं अडखळत, कारण स्वतःच्या घराच्या पायऱ्या कोण मोजून ठेवतो?

हा खेळ मी पहिल्यांदा 2012 साली घेतला. वर्गात एक भाऊ-बहीण होते, तो 14 चा, ती 11 ची. आजीचं घर सांगलीला. त्याला बाहेर उभं केलं आणि तिला विचारलं, आजीच्या घराला पायऱ्या किती? चार. मग तिला बाहेर पाठवून त्याला विचारलं. पाच. तुळस कुठे? ती म्हणाली पुढच्या अंगणात, तो म्हणाला हो, अंगणात, पण उजवीकडे. ती डावीकडे म्हणाली होती. मी तोंड गंभीर करून दोघांच्या वह्यांवर ‘परत पाठवावे’ असा शिक्का मारला. बटाट्याचा शिक्का, आदल्या रात्री कोरलेला. मुलगी रडवेली झाली. ‘पण ती आमचीच आजी आहे!’ त्या दिवशीचा धडा तिथेच झाला, मला पुढे काही बोलावं लागलं नाही. शिवाय पायरी, ओसरी, माजघर, मोरी, कोनाडा हे शब्द पोरांच्या तोंडी आले तो फायदा वेगळाच.

पुढे मी तो वर्ग खाडीकाठच्या टिब्युरॉन गावाहून बोटीने एंजल आयलंडवर नेला. जिथे माणसं कोंडली होती ती लाकडी इमारत अजून आहे. भिंतींवर चिनी अक्षरांत कविता कोरलेल्या आहेत. तेव्हा अधिकाऱ्यांनी त्या लांबी भरून बुजवल्या, वरून रंग फासला. 1970 मध्ये इमारत पाडायची वेळ आली होती, तेव्हा त्या पुन्हा नजरेला आल्या आणि इमारत वाचली. समोरून बघितलं तर भिंत नुसती खडबडीत दिसते. बाजूने उजेड पडला की अक्षरं वर येतात. एका पोराने बोट लावायला हात पुढे केला आणि मधेच मागे घेतला. तुम्हाला एवढ्या लांब जाता येणार नाही, पण फोटो मिळतात, तिरक्या उजेडात काढलेले तेवढे निवडा.

दुसरा रविवार भगतसिंग थिंड यांचा. (हे आपले भगतसिंग नव्हेत, हे पहिल्याच मिनिटाला सांगून टाका. नाहीतर मुलं तासभर फाशीची वाट बघतात.) पंजाबातून 1913 साली आलेला हा तरुण. ओरेगॉनमध्ये लाकडाच्या गिरणीत काम केलं, पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात भरती झाला, तिथेही पगडी उतरवली नाही. नागरिकत्वाचा अर्ज केला तर आडवा आला 1790 चा कायदा : बाहेरून आलेल्यांपैकी फक्त ‘गोऱ्या’ माणसालाच नागरिक होता येईल. यादवी युद्धानंतर, 1870 मध्ये, त्यात आफ्रिकी वंशाच्या लोकांची भर पडली होती. आपण कुठल्याच खान्यात बसत नव्हतो. मग थिंड यांच्या बाजूने युक्तिवाद काय झाला? की हा मनुष्य उच्च जातीचा आहे, आर्य आहे, कॉकेशियन (तेव्हाच्या वंशांच्या वर्गवारीत गोरे ज्यात मोडत तो वंश) आहे, म्हणजेच गोरा आहे. उच्च जातीचा हिंदू (तेव्हा तिथे भारतातले सगळेच ‘हिंदू’) मूळ रहिवाशांशी सोयरीक करायला तसंच नाक मुरडतो, जसा गोरा अमेरिकन काळ्यांशी, असंही त्यात मांडलं होतं. जातीचा दाखला देऊन अमेरिकेचं दार उघडायला गेलो होतो आपण.

19 फेब्रुवारी 1923 रोजी सर्वोच्च न्यायालयाने एकमताने नाही म्हटलं. तीनच महिन्यांपूर्वी याच न्यायालयाने ताकाओ ओझावा या जपानी गृहस्थांना सांगितलं होतं की तुमची कातडी गोरी असेल, पण तुम्ही कॉकेशियन नाही. थिंड यांना सांगितलं की तुम्ही कॉकेशियन असाल, पण सामान्य माणूस ज्याला गोरा म्हणतो तसे तुम्ही नाही. हे दोन्ही निकाल लिहिणारे न्यायमूर्ती जॉर्ज सदरलँड स्वतः इंग्लंडात जन्मलेले, लहानपणी आई-बापांबरोबर आलेले. मुलांना ही गोष्ट शेवटी सांगा, आधी सांगितली तर तिची मजा जाते. या निकालानंतर आधी नागरिक झालेल्या पन्नासहून अधिक भारतीयांचं नागरिकत्व सरकारने काढून घ्यायला घेतलं. थिंड यांना ते अखेर 1936 मध्ये मिळालं, माजी सैनिक म्हणून.

मग वर्गाला विचारा, थिंड यांनी कोर्टात दुसरं काय म्हणायला हवं होतं? माझ्या वर्गात एक मुलगा म्हणाला, ‘कायदाच चूक आहे म्हणायचं.’ एक मुलगी म्हणाली, ‘मग हरलाच असता.’ तो म्हणाला, ‘हरलाच की!’ मी त्यात पडले नाही.

वेळ उरला तर काला बगाई यांच्याबद्दल सांगा. 1915 मध्ये नवरा आणि तीन मुलांसह त्या भारतातून एंजल आयलंडवरूनच आल्या. बर्कलीत घर घेतलं, सामान घेऊन दाराशी पोचल्या, तर शेजाऱ्यांनी घराला कुलूप ठोकून ठेवलं होतं. आज बर्कलीत एका रस्त्याला त्यांचं नाव आहे. त्यांचे पती वैष्णो दास यांचं नागरिकत्व 1923 नंतर गेलं आणि त्यांचा शेवट फार वाईट झाला. तो तुम्ही वाचा. 13 वर्षांच्या मुलांना त्याचे तपशील नकोत.

आता ते बाबा. बाई, मला त्यांचा राग येत नाही. ज्याची प्रायॉरिटी डेट करंट झालेली नाही, म्हणजे ग्रीन कार्डाच्या रांगेत ज्याचा नंबर अजून लागलेला नाही, तो माणूस घर घेताना, नोकरी बदलताना, आजारी आईला भेटायला जाताना मनात सतत एकच हिशेब करत असतो : परत येताना व्हिसाच्या स्टॅम्पिंगला अडकलो तर? इतकी वर्षं एकेक कागद जपला आणि आता कोणीतरी आपल्याला भलत्याच रांगेत ढकलेल, ही भीती त्या मेसेजमध्ये आहे. पण ‘आम्ही त्यांच्यातले नाही’ हा युक्तिवाद आपल्या माणसांनी या देशात पार वरच्या कोर्टापर्यंत नेऊन पाहिलेला आहे. त्याचं काय झालं ते मुलांना दुसऱ्या रविवारी कळलेलंच असेल. तुम्ही बाबांना वेगळं काही सांगू नका.

तिसरा रविवार त्यांच्या रांगेचाच ठेवा. 1946 मध्ये भारतीयांना नागरिक होण्याची मुभा मिळाली, आणि भारताचा कोटा ठरला वर्षाला 100. शनिवारी संध्याकाळी तुमच्या एडिसनच्या ओक ट्री रोडवर एका चाटवाल्यासमोर तेवढी माणसं असतील. ही दारं उघडली 1965 च्या कायद्याने. 3 ऑक्टोबरला अध्यक्ष जॉन्सन यांनी स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्यापाशी त्यावर सही केली आणि देशवार कोट्यांची जुनी पद्धत गेली. तो कायदा झाला त्यामागे काळ्या लोकांची नागरी हक्कांची चळवळ होती. रस्त्यावर मार खाल्ला त्यांनी, व्हिसा मिळाला आपल्याला. हे आपल्या संमेलनांत फारसं कोणी बोलत नाही.

त्याच कायद्याची दुसरी बाजू आहे. मेक्सिकोसकट अमेरिका खंडातल्या देशांवर त्याआधी संख्येची मर्यादाच नव्हती. ती 1965 च्या कायद्याने पहिल्यांदा घातली, सगळ्यांना मिळून 1,20,000. शिवाय 1942 पासून मेक्सिकन शेतमजुरांना करारावर आणणारी ब्रासेरो योजना 1964 मध्ये बंद झाली होती. शेतं तिथेच, पिकं तिथेच, तोडणीला येणारी माणसंही बरीचशी तीच. हातातला कागद तेवढा गेला. एकाच कायद्याने पुण्याच्या इंजिनिअरसाठी रांग सुरू झाली आणि सीमेपलीकडच्या मजुराची रांग आखडली. आजचं सांगायचं तर नोकरीवर आधारित ग्रीन कार्डं वर्षाला साधारण 1,40,000 आणि कुठल्याही एका देशाला त्यातली 7 टक्के. भारतालाही तेवढीच, आइसलंडलाही तेवढीच. अकुशल कामगारांसाठी साऱ्या जगाला मिळून जास्तीत जास्त 10,000. हे आकडे फळ्यावर लिहा आणि गप्प बसा.

त्याच रविवारी त्या बाबांना बोलवा. मेसेज नको, फोन करा. म्हणा, ‘तुमची रांग मुलांना सांगाल का?’ ते येतील. जाडजूड फाइल घेऊन येतील, डिग्रीच्या भाषांतरांपासून पगाराच्या पे-स्टबपर्यंत सगळं लावलेलं असेल. पोरांनी आपल्या बापाची फाइल कधी उघडून पाहिलेली नसते. ती बघताना त्यांचे चेहरे बघा. अट एकच घाला, की स्वतःची गोष्ट सांगायची, दुसऱ्या कोणाला नावं ठेवायची नाहीत. आणि राजकारणाबद्दल विचारलं तर सांगा की कोणाला मत द्यावं हे या वर्गात येणार नाही, कोणत्या साली कोणता कायदा होता हे येणार. आठवड्याच्या बातम्या मी स्वतः वर्गात आणत नसे. मुलांनी काढल्या तर दडपतही नसे.

चौथ्या रविवारी गाडी काढा आणि रोझेलला जा. तुमच्यापासून फार लांब नाही. 1883 मध्ये 18 वर्षांची आनंदीबाई जोशी नवऱ्याला मागे ठेवून बोटीने न्यूयॉर्कला उतरली आणि तिथून रोझेलला कार्पेंटरबाई या अमेरिकन बाईंच्या घरी आली. तेव्हा व्हिसा नावाची चीज नव्हती. आदल्याच वर्षी चिन्यांना बंदी घालणारा कायदा झाला होता, हिला कोणी अडवलं नाही. फिलाडेल्फियाला शिकून 1886 मध्ये डॉक्टर झाली, परत गेली, आणि 22 वर्षांची व्हायच्या आत पुण्यात वारली. तिच्या अस्थी कार्पेंटरबाईंकडे पाठवल्या, त्या न्यूयॉर्क राज्यात पकीप्सीच्या दफनभूमीत आहेत. ती स्थलांतरित होती की नाही, यावर मुलांना वाद घालू द्या. रोझेलमध्ये दाखवायला काही विशेष नसलं तरी चालेल. फूटपाथवर उभं राहून डबे उघडा. थंडी असेल तर उत्तम. नऊवारी नेसून इथला पहिला हिवाळा कसा काढला असेल, हा प्रश्न कुडकुडतानाच नीट समजतो.

राहिली ती मुलगी. तिला तुम्ही जे म्हणालात ते प्रेमाने म्हणालात, पण तिला ते पटलेलं नाही. त्या वयाची मुलगी असा प्रश्न विचारते तेव्हा तिने आधीच रात्री जागून सगळं वाचलेलं असतं. तिला पुन्हा भेटा, वर्गाबाहेर. सांगा, ‘हो गं, आजचा कायदा असा आहे की 21 व्या वर्षी एच-फोर, म्हणजे आई-बाबांच्या नोकरीच्या व्हिसावर मुलांना मिळणारा व्हिसा, संपतो.’ तोवर घरच्यांचं ग्रीन कार्ड आलं तर प्रश्न मिटतो. 2002 च्या एका कायद्याने काही मुलांना वय मोजताना सवलत मिळते. कित्येक मुलं विद्यार्थ्याच्या व्हिसावर जाऊन इथेच शिकतात. तिच्या बाबतीत यातलं काय लागू पडेल हे वकील सांगेल. ते तुमचं काम नाही आणि माझंही नाही. तुमचं काम एवढंच, की हा प्रश्न ती एकटी घेऊन बसू नये. आईशी बोललीस का, विचारा. बहुतेक आई तिच्यापासून लपवत असेल आणि ती आईपासून. वर्गात मात्र तिच्याकडे बघून काही बोलू नका, तिसऱ्या रविवारी तर नाहीच.

आणि हो, पायऱ्यांचा खेळ घ्याल तेव्हा मुलांना लगेच भारतात फोन लावू देऊ नका. आठवडाभर वहीवर तो शिक्का राहू दे. माझ्या त्या दोघांनी पुढच्या शनिवारी रात्री फोन केला. आजी म्हणाली, ‘आता चार दिसतात रे. पाचवी 2005 च्या पुरात गाळात गेली. तू तिच्यावर बसून आंबा खायचास, ही तेव्हा कडेवर होती.’ तुळस म्हणे दोनदा हलवली.